तू शेतकरी आहेस ना?

अलिबागला वीकेंड होम... हे स्वप्न कुणाला पडत नाही? पण त्या स्वप्नासाठी कुणी आपलं नावच उसनं मागितलं तर? प्लॉट बघायला म्हणून गेले आणि खाजणात अडकले, त्या दोन दिवसांची ही गोष्ट.

"तू शेतकरी आहेस ना?"

गुरुवारची दुपार, कँटीनमधला राजमा-चावल आणि समोर चार उत्सुक चेहरे. आयटी पार्कच्या सहाव्या मजल्यावर असा प्रश्न आला की आधी वाटतं, आपली खेचताहेत. मी टेस्टिंगमध्ये आहे. माझ्या टेबलावरचं मनी प्लांटसुद्धा गेल्या मे महिन्यात सुकून गेलं.

"म्हणजे तुझं नाव सातबाऱ्यावर आहे ना?"

आहे. श्रीपूरला. सोलापूर जिल्हा, तालुका माळशिरस, अकलूजच्या पुढे. जिकडे बघाल तिकडे ऊस आणि थंडीच्या दिवसांत हवेतच मळीचा वास. वाटणीच्या वेळी बाबांनी दादाबरोबर माझंही नाव लावलं. आमच्याकडे लग्नात पोरीला साडीचोळी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हा सरळ रिवाज. बाबांनी तो विषयच काढला नाही. त्या कागदाचा मला आजवर एवढाच उपयोग झाला होता, की ऑफिसात कुणी 'आम्ही टॅक्स भरतो आणि हे शेतकरी...' सुरू केलं की मी खाकरायचे आणि समोरचा गप्प बसायचा.

तर प्लॅन असा होता. अलिबागजवळ २० गुंठे जागा. बजेट चौघांचं. पण जमीन शेतीची, आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो. चौघांत एकही नाही. मग काय, सातबारावाली मैत्रीण झिंदाबाद! कागद माझ्या नावावर, आपसात एक एमओयू, आणि या उपकाराबद्दल मला पाचवा हिस्सा फुकट.

खरं सांगते, पाच मिनिटं मी हवेत होते. व्हरांडा, झोपाळा, हातात कॉफीचा मग... पगारातून ईएमआय कापला न जाता! शनिवारी सकाळी सहाला निघालो.

मॅडम, क्रीक-टच आहे!

पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ. (मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही लिहीत नाही. ज्या रस्त्याच्या रुंदीकरणावर एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली, त्याच्याबद्दल नवीन काय लिहिणार?) वडखळला अलिबागचा फाटा घेतला की पोयनाड येतं आणि हवा बदलते. घामाला मीठ लागतं.

एजंट पोयनाडच्या नाक्यावर उभा होता. पांढरा शर्ट, दोन फोन. माझ्या मित्रांशी हात मिळवून झाल्यावर तो माझ्याकडे वळला आणि ज्या आदराने त्याने "शेतकरी मॅडम तुम्हीच ना?" विचारलं, त्या आदराने मला अप्रेझलमध्येसुद्धा कुणी बोललेलं नाही.

जागा म्हणजे भातकापणीनंतरची मोकळी खाचरं. मार्च महिना होता, जमिनीला भेगा पडलेल्या. पलीकडे मातीचा लांबच लांब बांध, बांधापलीकडे तिवरं, आणि त्यांच्यामागे खाडीचं करडं पाणी. "सी-टच नाही, पण क्रीक-टच आहे," एजंट म्हणाला. "उधाणाला पाणी बांधापर्यंत येतं. सनसेट व्ह्यू! अटल सेतू झाल्यापासून मुंबईची पार्टी रांगेत आहे, मॅडम. आज नाही घेतलं तर दिवाळीला हा रेट विसरा."

२०२४च्या जानेवारीत तो पूल सुरू झाला, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट आणणारी रो-रो बोट त्याआधीच, २०२० पासून आहे. मुंबईहून अलिबाग हा आता तीन पॉडकास्टचा प्रवास. रांग असणारच.

मित्र फोटो काढत होते. मी मात्र त्या बांधाकडे बघत बसले होते. कालव्याच्या गावची पोर आहे मी. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे आधी बघायची सवय जात नाही.

समुद्राकडून उसनं घेतलेलं शेत

बांधावर एक म्हातारबाबा फावडं घेऊन माती चोपत होते. मी चढून गेले.

"प्लॉट बघायला आल्या काय, बाय?"

"हो. म्हणजे... नुसतं बघायला."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी तिथंच बांधावर बसले. आपण उभे आहोत ती जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे! ही खारजमीन. खाडीच्या कडेचं खाजण मातीचा बांध घालून अडवायचं, पावसाच्या पाण्याने त्यातलं मीठ धुवून काढायचं आणि मग भात लावायचं. बांधाला मधेमधे दारं, त्यांना उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्या जोराने दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. ना वीज, ना मोटर, ना कुणाचं लॉगिन! शेकडो वर्षं हे असंच चालत आलंय.

आणि बांध फुटला तर? बांध फुटला तर त्याला म्हणायचं खांड पडली. एका रात्रीत अख्ख्या खारीत समुद्र शिरतो. "पीक तर जातंच," बाबा म्हणाले. "पण मग मीठ धुवायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर तिवरं उगवली, की संपलं." ते संपलं म्हणजे कायद्यानेही. तिवरांची तोड हायकोर्टाने २००५ मध्ये थांबवली आणि २०१८ च्या निकालात ती बंदी कायम केली. निकाल योग्यच आहे, तिवरं नसतील तर किनाराच वाहून जाईल. पण ज्याच्या शेतात ती उगवली, त्याचं शेत सातबाऱ्यावर उरतं आणि जमिनीवरून जातं.

म्हणून बांध एकट्याचा नसतो. पूर्वी खारीतला प्रत्येक जण पावसाआधी माती घालायला यायचा. आता सरकारचं खारभूमी खातं आहे, पण खांड काही फाईल मंजूर होईपर्यंत थांबत नाही.

"आणि शहरातली माणसं जागा घेतात तेव्हा?" मी विचारलं.

बाबांनी फावड्याने पलीकडे दाखवलं. एका तुकड्यावर पुरुषभर भराव टाकलेला, भोवती चिऱ्याचं कंपाउंड, आत हिरवीगार लॉन. "त्याचं घर वर गेलं. आमचं पाणी आता उघाडीकडं जायला वाट नाय. पावसात खाचर चार दिवस बुडून राहतं."

हे मला लगेच कळलं. श्रीपूरला नीरेच्या उजव्या कालव्याच्या चारीवर एकाने जरी दारं दाबलं, तरी खालच्या दहा जणांची पाळी चुकते आणि गावात डोकी फुटतात. शेत सातबाऱ्यावर एकट्याचं असतं, पण पाणी सगळ्यांचं असतं. आमचं असं येतं, यांचं असं जातं, एवढाच फरक.

तसा दुसराही फरक आहे, आणि तो मला दिवसभर छळत राहिला. माळशिरसला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अलिबागला दोन हजारांच्या पुढे! तरी आमच्याकडे बारमाही ऊस आणि इथे भाताचं एक पीक. भाटघरचं धरण १९२८चं, कालवे नीरेचे, १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला. पाणी, मग ऊस, मग कारखाना, मग शाळा, दवाखाना, बँक. आमची पोरं शिकायला बाहेर गेली ती त्या उसावर. इथे ढग फुटल्यासारखा कोसळणारा पाऊस डोंगरावरून सरळ खाडीत जातो आणि मे महिन्यात गावात टँकर येतो. इथली पोरं बाहेर गेली ती गिरणीत, गोदीत, आणि नंतर थळचा खत कारखाना किंवा डोलवीची स्टील कंपनी. घर चालायचं ते मनीऑर्डरवर. शेती हातची राहावी म्हणून करायची.

अगदीच काही पिकत नाही असं नाही हं! खारीपासून वरच्या अंगाला, कार्ले-खंडाळ्याच्या बाजूला, भातानंतर पांढरा कांदा होतो. गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी न आणणारा. त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. वाल होतो, आणि थंडीत त्याच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला सगळं मडक्यात घालून पोपटी लावतात. शेततळ्यात जिताडा पाळतात. पण पोपटीवर पोरांची इंजिनियरिंगची फी निघत नाही.

सहा वर्षं नांगर उभा

एव्हाना एजंट गाडीत एसी लावून बसला होता. बाबांनी हात लांब करून झाडी दाखवली. "ते चरी. आमचा आजा संपात होता."

संप? गिरणीचा?

नाही, शेतकऱ्यांचा. मी शाळेत इतिहासात बरे मार्क मिळवले होते, तरी हा संप मला माहीत नव्हता. तुम्हाला माहीत होता का? अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. भात पिकवायचं कुळाने आणि त्यातला मोठा वाटा न्यायचा खोताने, वर नाना तऱ्हेच्या बाबी आणि वेठ. खाजण बांधून शेत केलं कुळाच्या वाडवडिलांनी, पण कबुलायतीवर मालक खोत. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने आसपासची पंचवीसेक गावं यात उतरली, आणि संप चालला १९३९ पर्यंत! सहा वर्षं. आपल्याला सहा आठवड्यांचा नोटीस पीरियड झेपत नाही.

सहा वर्षं या लोकांनी लाकूडफाटा विकून, खाडीतले मासे-खेकडे धरून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९३९चा कूळ कायदा, मग १९४८चा कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, १९४९ मध्ये खोतीच रद्द, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळं कायद्याने मालक ठरली.

आता ऐका गंमत. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, हे आमच्या चौघांना नडणारं कलम ६३ कुठल्या कायद्यातलं? त्याच १९४८ च्या. ज्यांनी या कायद्याची वाट करून दिली, त्यांच्याच गावच्या वेशीवर मी उभी होते. त्यातून फट काढायला माझं नाव वापरायचं होतं, आणि फी होती पाचवा हिस्सा.

बाबांना मी हे बोलले नाही. उलट विचारलं, "तुम्ही नाही विकणार?"

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एक पोरगा मुंबईला, एक कंत्राटावर थळला. माझ्यामागं बांधावर कोण येईल?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. विकू नका असं पुण्यात फ्लॅट घेतलेल्या बाईने त्यांना सांगणं सोपं आहे. तशी इथली माणसं प्रत्येक वेळी विकायलाच बसलेली असतात असंही नाही. सेझसाठी जमिनी घ्यायचं चाललं होतं तेव्हा, २००८ च्या सप्टेंबरमध्ये, पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं, आणि हेटवणे धरणाचं पाणी शेतीला द्या म्हणत गावंच्या गावं विरोधात उभी राहिली. तो सेझ झाला नाही. पण कंपनीला सगळ्यांनी मिळून नाही म्हणणं वेगळं, आणि घरात आजारपण असताना दारात उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टाला एकट्याने नाही म्हणणं वेगळं.

पाण्यावरून आलेली माणसं

मुक्काम नागावला, एका वाडीतल्या होमस्टेमध्ये. रविवारी सकाळी मित्रमंडळी बनाना राईडला गेली आणि मी एकटीच रेवदंड्याच्या एसटीत बसले.

अष्टागराचा हा पट्टा म्हणजे नारळी-पोफळीची एकामागून एक आगरं. आक्षीला एक शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक. आपण चॅटवर जी भाषा टाईप करतो, ती इथे दगडावर! पुढे चौल, दोन हजार वर्षांचं बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट, आणि कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. तिथल्या ख्रिश्चन वाडीत घराघरात अजून एक वेगळी बोली ऐकू येते, अर्धी पोर्तुगीज, अर्धी मराठीच्या वळणाची. ती माणसं तिला 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा म्हणतात.

अलिबागला इस्रायल आळी आहे. या बेने इस्रायल लोकांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावं मात्र पेणकर, रोहेकर, किहीमकर! बरेचसे १९४८ नंतर इस्रायलला गेले, सिनेगॉग अजून आहे. ट्युनिशियाच्या किनाऱ्याजवळ जेर्बा नावाचं बेट आहे, तिथेही अशीच जुनी ज्यू वस्ती अरबांच्या शेजाराने राहत आली. किनाऱ्यांचं हे असं असतं बहुतेक. डोंगरापलीकडच्या माणसापेक्षा समुद्रापलीकडचा जवळचा.

आणि जंजिरा. मुरूडच्या पुढे राजपुरीहून होडीने जायचं. हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूहून आलेले सिद्दी इथे राज्य करू लागले आणि ते संस्थान पार १९४८ पर्यंत टिकलं. शिवाजी महाराजांना हा किल्ला मिळाला नाही, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला, तोही फसला. 'जंजिरा' हा अरबीतल्या 'जझीरा'वरून आलेला शब्द, म्हणजे बेट. त्याच शब्दाचं अनेकवचन 'अल जझाइर', म्हणजे अल्जीरिया. उत्तर आफ्रिकेतल्या एका अख्ख्या देशाचं आणि आमच्या पिकनिक स्पॉटचं नाव एकच! किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. टँकरवाल्या गावांकडे बघून हे जास्तच टोचतं.

हे सगळे पाण्यावरून आले. कुणी घाणा घातला, कुणी कोट बांधला, कुणी राज्यच केलं. सगळेच काही पाहुण्यासारखे वागले नाहीत. पण ते इथे राहिले, इथली भाषा बोलले, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांचंही दुकान मंदावलं. आम्ही चौघं-पाचजण महिन्यातले दोन दिवस येणार होतो, आणि उरलेले अठ्ठावीस दिवस लॉनला पाणी घालायला कुणीतरी माळी ठेवणार होतो. त्या टँकरच्या गावात!

संध्याकाळी होमस्टेच्या काकू वाडीत घेऊन गेल्या. पोफळींच्या मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा पडलेली झाडं. जागोजाग नवी रोपं लावलेली, कमरेएवढी आणि डोक्याएवढी. "पोफळ लागायला सात-आठ वर्षं जातात," काकू म्हणाल्या. "तोवर तुमच्यासारख्यांना खोल्या देतो. नाहीतर हीही विकावी लागली असती." म्हणजे वीकेंडवाल्यांमुळे एक वाडी राहिलीही होती. हेही लिहायलाच हवं, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

सोमवार

परतीच्या वाटेवर गाडीत मी सांगून टाकलं की माझं नाव मिळणार नाही. आधी शांतता. मग एक जण म्हणाला, "तू नाही घेतलंस तर दुसरा घेईल. त्या म्हाताऱ्याला काय फरक पडणार?" बरोबर होतं त्याचं. "आणि तुला काय जातंय? फुकटच मिळतंय." हेही बरोबर होतं. मी बेनामी कायदा पुढे केला. मूळ १९८८चा, २०१६ मध्ये कडक झालेला, मालमत्ता जप्त आणि सात वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्यावर मात्र सगळे पटकन गप्प झाले. उघाडीबद्दल मी जे काही सांगितलं होतं, त्याने एवढा परिणाम झाला नव्हता.

त्यातल्या एकाने नंतर सरळ एनए प्लॉट घेतला, कायदेशीर, स्वतःच्या नावावर, खारीपासून लांब. गृहप्रवेशाला जाऊन आले. झोपाळा मस्त आहे. दुसरा एक जण मात्र माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. फुकटच्या पाचव्या हिश्श्याचं ऐकून ते आधी "येडी झालीस का" म्हणाले. मी घेतली नाही म्हटल्यावर जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांचा पहिला प्रश्न, "तिथं पाणी कसं हाय?"

"पाणी खूप आहे, बाबा. ते बाहेर काढायला लागतं."

"बाहेर?" त्यांना ते पटेना. मग उघाडी कशी चालते ते समजावून सांगता सांगता माझा अर्धा तास गेला. दार कुठल्या लाकडाचं, बिजागरी वर की बाजूला, गाळ बसला तर कोण काढतं... यातलं निम्मं मलाच माहीत नव्हतं. पुढच्या सुट्टीत पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन श्रीपूरला गेले, ती त्यांनी ओसरीवर टांगली आणि शेजारच्या आबांना बोलावून सांगितलं, "समुद्राच्या तालुक्यातला हाय, पण खारट नाय लागत."

एजंटचे मेसेज अजून येतात. परवाचा होता : 'शेतकरी मॅडम, चरी साईडला ११ गुंठे, अर्जंट सेल.'